चार नंबरचा बाण

झाकण पडलं, आणि पडून गप्प बसेल तर ते झाकण कसलं. रंगाच्या डब्याचं ते पत्र्याचं झाकण फरशीवर आधी कडेवर उभं राहिलं, मग स्वतःभोवती गिरक्या घ्यायला लागलं, आधी सावकाश, मग लगबगीने, आणि टणटण करत एकदाचं आडवं झालं.

दुपारचे तीन वाजले होते. ठकीला झोपवायला सुनेला तासभर लागला होता. तीन गोष्टी, दोन गाणी, पाणी, शू, पुन्हा पाणी. लेकीच्या मानेखाली अडकलेला हात तिने नुकताच एकेक बोट करत सोडवून घेतला होता. आता घटकाभर आपणही पाठ टेकावी, एवढाच काय तो बेत.

ठकीने एक डोळा उघडला. "आजोबा बाण काढतायत," ती म्हणाली आणि उठून बसली. बेत संपला.

आजोबा म्हणजे सुनेचे सासरे; ती त्यांना बाबा म्हणायची. एकतीस वर्षं त्यांनी स्टेशनच्या पाट्या रंगवल्या. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण हात काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. घरातल्या डब्यांवर 'साखर', 'मीठ', 'मीठ नव्हे' अशी अक्षरं उमटली होती. तीन खोल्यांचं घर, एका दारात उभं राहिलं की दुसऱ्या दारातून बाहेरचं दिसावं एवढं. तरी मोरीकडे जायला भिंतीवर ऐटदार काळा बाण होता. सासूबाई म्हणायच्या, "पस्तीस वर्षं मी काय अंदाजाने आंघोळ करत होते?"

ठकीला मात्र ही पाटीविद्या मनापासून पटली होती. साडेचार वर्षांची पोर, अक्षर एक येत नव्हतं, पण आकडे दहापर्यंत आणि बाण सगळे. बाण दिसला की ती त्याच्या टोकाकडे तोंड करून चालायला लागायची, मध्ये खाट आली तर खाटेवरून. आजोबांनी तिला पहिला धडाच तो दिला होता: पाटी चुकत नाही, माणूस चुकतो.

आणि नेमकं तेच वाक्य गेले आठ दिवस सुनेच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं.

त्याचं असं होतं. सून त्याच स्टेशनात चौकशीच्या खिडकीत बसायची. नोकरीला दहा महिने झाले होते. पहाटे सहा ते दुपारी दोन, आणि त्या आठ तासांत गाडीच्या वेळा विचारणारे थोडे, 'चार नंबर कुठे आहे' विचारणारेच फार. एक, दोन, तीन हे फलाट हॉलच्या समोरच होते, आंधळ्यालाही सापडावेत असे. चार नंबर एका बाजूला, जिना चढून पलीकडे. तिथे जाण्यासाठी हॉलच्या मधोमध, छताला लोंबकळणारी, दोन्ही बाजूंनी रंगवलेली भली मोठी पाटी होती. तरी लोक विचारायचे. सुरुवातीला ती गोडीने सांगायची. मग नुसती म्हणायला लागली, "वर पाटी आहे, बघा जरा."

"पाटी बघूनच गेलो होतो," असं लोक म्हणायचे, आणि तिला वाटायचं, काय एकेक माणसं असतात.

एकदा एक म्हातारी आली. शेजारच्या गावात तिची लेक बाळंतपणाला अडली होती. म्हातारीच्या काखेत जुन्या मऊ कपड्यांचं गाठोडं. तिलाही सुनेने तेच सांगितलं, वर पाटी आहे. म्हातारी गेली आणि थोड्या वेळाने धापा टाकत परत आली. गाडी निघून गेली होती. "बघूनच गेले गं बाई," एवढंच म्हणाली, आणि पुढची गाडी येईपर्यंत तीन तास खिडकीसमोरच्या बाकावर गाठोडं मांडीवर घेऊन बसली. त्या तीन तासांत सुनेने मान वर केली नाही.

पुढच्याच आठवड्यात मागच्या फाटकापाशी सिमेंटचं काम निघालं. स्टेशनची सगळी माणसं मागच्या वस्तीत राहायची आणि मागच्या फाटकानेच यायची. त्या दिवशी मात्र सून वळसा घालून पुढच्या दाराने आत आली, नोकरीच्या आठ महिन्यांत पहिल्यांदाच. आली आणि पाटीखाली थबकली.

'फलाट ४', आणि बाण उजवीकडे. उजवीकडे पार्सलचं गोदाम होतं. जिना डावीकडे.

ती पाटीखालून पलीकडे गेली, वळली, वर पाहिलं. 'फलाट ४', बाण उजवीकडे. इकडून उजवीकडे बरोबर जिना. मग तिने ठकीसारखा स्वतःचा उजवा हात लांब केला आणि जागच्या जागी गर्रकन फिरली. दोनदा. झाडूवाल्या मावशींनी विचारलं, "ताई, काही हरवलं का?"

हरवलं काहीच नव्हतं, उलट सापडलं होतं. हॉलमधल्या अकराही पाट्यांच्या दोन्ही बाजूंना बाबांनी एकच साचा लावला होता. मागून येणाऱ्याला प्रत्येक बाण बरोबर, पुढून येणाऱ्याला प्रत्येक बाण उलटा. आणि मागून येत होती फक्त स्टेशनची माणसं, ज्यांना बाणाची गरजच नव्हती. तो साचा बाबांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी स्वतःच्या हाताने पत्र्यातून कापला होता. आजही तो घरात दारावरच्या खिळ्याला टांगलेला असायचा, आणि बाबा दर चार दिवसांनी तो फडक्याने पुसायचे. "एकतीस वर्षं, एकच साचा," ते पाहुण्यांना सांगायचे. "एक बाण दुसऱ्यापेक्षा तसूभर वेगळा काढून दाखवा."

हे गुपित सुनेने दोन महिने पोटात ठेवलं. पुढून येणाऱ्या प्रत्येकाला ती आता हात करून डावीकडचा जिना दाखवायची. निदान खिडकीपर्यंत पोचला तो तरी वाचला. पण गेल्या आठवड्यात स्टेशनमास्तरांनी तिला बोलावलं.

"सोमवारी साहेब येतायत," मास्तर म्हणाले. "हाताने रंगवलेल्या सगळ्या पाट्या उतरवायच्या आणि छापील लावायच्या, असं वर घाटतंय. पाट्यांमुळे गोंधळ होतो म्हणे."

"तो पाट्यांमुळेच होतो," सून म्हणाली आणि सगळं सांगून बसली.

मास्तर उठून हॉलमध्ये गेले. पाटीच्या या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं, टोपी काढून डोकं खाजवलं. अठरा वर्षं ते या स्टेशनात होते, आणि येत होते तेही मागच्याच फाटकाने. "काखेत कळसा," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "सोमवारच्या आत दुरुस्त झाल्या तर मी लिहून देईन की पाट्या ठीक आहेत. मग कोणी हात लावणार नाही. नाहीतर अकराच्या अकरा भंगारात. पण काकांना सांगणार कोण?"

"तुम्ही साहेब आहात."

"तुम्ही घरातल्या आहात. मी एकदा त्यांना म्हटलं होतं, काका, या अक्षराचा पाय जरा आखूड वाटतो. पाच महिने बोलले नाहीत माझ्याशी."

"दुसऱ्या कोणाकडून गुपचूप रंगवून घेतल्या तर?"

"त्यांच्या पाटीवर दुसऱ्याचा ब्रश?" मास्तरांनी टोपी परत डोक्यावर घातली. "मला या गावात म्हातारं व्हायचंय, ताई."

तेव्हा आज शुक्रवार, दुपारचे तीन, झाकण पडलेलं, ठकी जागी, आणि सुनेच्या हातात दोन दिवस उरलेले. ती मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. बाबा ठकीच्या खेळण्यांच्या खोक्यावर अक्षरं काढत होते.

"बाबा, ती हॉलमधली पाटी आहे ना..."

"धूळ बसली असेल. कोणी पुसत नाही आता."

"नाही, म्हणजे लोक जरा चुकतात."

"लोक चुकणारच," बाबा ब्रश डब्याच्या काठावर निरपत म्हणाले. "मान वर करायला जिवावर येतं त्यांच्या. पाटी काय करणार? ठकूताई, पाटी कधी चुकते का?"

"पाटी चुकत नाही, माणूस चुकतो," ठकीने पाढा म्हटला.

सून स्वयंपाकघरात परतली. सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काय गिळलंयस? आठ दिवस बघतेय, जेवणही घशाखाली उतरत नाही तुझ्या."

तिने सांगितलं. सासूबाईंनी निवडलेली भाजी न निवडलेल्या भाजीत टाकली, तोंडावर हात धरला आणि खांदे गदगदेपर्यंत हसल्या. आवाज मात्र येऊ दिला नाही; त्या बाबतीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"हसताय काय, आई. पाट्या भंगारात जातील. बाबांना वाटेल मी मुद्दाम..."

"जातील कशाला," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "यांना सांगून कधी काही कळलंय का? यांना चालवावं लागतं. उद्या डबा विसर."

"कसला डबा?"

"तुझा. तू विसर, पुढचं मी बघते. मागचं फाटक बंद आहे असं मला कोणीतरी सांगितलंय. कोणी ते विचारू नकोस. आणि ठकीला चार नंबरवरून बापाला टाटा करायचाय, असं तिला आत्ताच वाटायला लागलंय."

ठकीचा बाप सिग्नलच्या केबिनमध्ये होता, आणि केबिन चार नंबर फलाटाच्या टोकाला. अकरा चाळीसची गाडी निघाली की तो खिडकीतून हिरवं निशाण दाखवायचा. ते निशाण आपल्यासाठीच असतं अशी ठकीची समजूत होती, आणि ती कोणी मोडली नव्हती.

शनिवारी अकरा वीसला सुनेला काचेतून ती दोघं दिसली. पुढच्या दारातून आली. बाबांच्या एका हातात डबा, दुसऱ्यात ठकी. हॉल असा होता की पलीकडची कुजबुजही घुमून खिडकीपर्यंत यायची.

बाबांचे पाय आपसूक डावीकडे वळले. एकतीस वर्षांचे पाय ते, त्यांना ठाऊक होतं. पण हात ताणला गेला, कारण ठकी पाटीखाली रुतून उभी होती.

"आजोबा, चार नंबर. बाण तिकडे आहे."

"अगं, जिना इकडे..." बाबा म्हणाले, आणि त्यांनी वर पाहिलं. आपल्या हातचा बाण. तसूभर इकडेतिकडे नाही. ते क्षणभर घुटमळले. एकीकडे पाय, एकीकडे पाटी. मग स्वतःच्या पायांना समज दिल्यासारखी त्यांनी मान हलवली आणि नातीबरोबर उजवीकडे निघाले.

उजवीकडचा बोळ गोदामाच्या भिंतीशी संपायचा. तिथे एक चहावाला वीस वर्षं बसायचा आणि त्याचं चांगलं चाललं होतं. वाट चुकून आलेला माणूस भिंत पाहतो, घाम पुसतो आणि चहा घेतो. बाबांनी काही चहा घेतला नाही. दोघं परत आली. पाटीखाली थांबली. बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला. दाराबाहेर गेले, नव्याने आत आले, जणू मघाची खेप मोजायची नव्हती. वर पाहिलं.

"तिकडेच," ठकी ठामपणे म्हणाली.

पुन्हा गेली. पुन्हा आली. या वेळी चहावाल्याचा आवाजही घुमत आला, "काका, लोक दुसऱ्या खेपेला तरी घेतातच."

घड्याळात अकरा पस्तीस. सुनेच्या खिडकीपुढे पाच माणसं रांगेत होती. बाबा मुकाट्याने सहावे उभे राहिले. नोकरीत ज्यांनी कधी कोणाला वाट विचारली नाही ते, डबा छातीशी धरून, पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत. रांग सरकत गेली. शेवटी काचेपलीकडे त्यांचा चेहरा आला. सुनेला तो एकदम म्हातारा वाटला.

"चार नंबर कुठे आहे?" बाबांनी विचारलं. अगदी त्याच शब्दांत, त्याच दमलेल्या आवाजात, जो ती रोज दीडशे वेळा ऐकायची.

तिने खिडकीवर 'बंद' लिहिलेली फळी लावली, अक्षरं अर्थात त्यांचीच, आणि बाहेर आली. "चला बाबा, मी येते."

पण बाबा हलले नाहीत. ते पाटीकडे चालत गेले, पाटीखालून पलीकडे गेले, आणि उभे राहिले. या बाजूने बघितलं. त्या बाजूने बघितलं. मग अगदी सावकाश उजवा हात लांब केला आणि जागच्या जागी फिरले. पलीकडे गाडीने शिटी दिली. ठकीचा ओठ थरथरला.

"माझ्या बाबांचं निशाण गेलं," ती म्हणाली.

आजोबांनी तिला उचलून घेतलं. मग सुनेकडे न बघता म्हणाले, "दोन्ही बाजूंना एकच साचा."

"हो, बाबा."

"जमिनीवर आडवी ठेवून रंगवायचो. एक बाजू वाळली की उलटायची, दुसरी रंगवायची. टांगायला मी कधी आलोच नाही. ते काम फिटरचं." थोड्या वेळाने, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"दोन महिने."

"आणि घरात?"

"कालपासून आईंना."

"तिला नवल वाटलं नसेल. ती लग्नापासून म्हणतेय, मी उलटा आहे." हे बोलताना ते हसले नाहीत, पण आवाजातली गाठ जराशी सैल झाली. सुनेने सोमवारचं सांगितलं, साहेबांचं, भंगाराचं. बाबांनी ऐकून घेतलं. खाली ठेवलेला डबा उचलून तिच्या हातात दिला. "जेवून घे. आणि मास्तरांना सांग, उद्या शिडी लागेल. ते अक्षराच्या पायाचं म्हणत होते, तेही बघून टाकू."

रविवारी सकाळी बाबा पुढच्या दाराने आले. दारावरच्या खिळ्यावरून साचा उतरला होता. मास्तरांनी स्वतः शिडी धरली. हॉलच्या पुढच्या तोंडाचे अकरा बाण आधी निळ्या रंगाने झाकले गेले, वाळेपर्यंत सगळ्यांनी वाट पाहिली, आणि दुपारी बाबांनी साचा पाटीवर ठेवला. पालथा. बस, एवढंच करायचं होतं. एक पत्रा पालथा घालायचा. साच्याच्या पाठीला एकतीस वर्षांत रंगाचा एक थेंब लागला नव्हता.

येणारेजाणारे शिडीखाली थांबून वरच्या माणसालाच विचारत होते, चार नंबर कुठे. बाबा प्रत्येक वेळी ब्रश थांबवून सांगत होते, "डावीकडे, जिना चढून." एकदाही 'पाटी बघा' म्हणाले नाहीत. चहावाला येऊन कंबरेवर हात ठेवून बघून गेला. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," तो म्हणाला. "पण स्वतःच्याच पोटावर पाय कोण आणतं? आता जिन्याखाली जागा द्या म्हणजे झालं." मास्तरांना शिडी सोडायची नव्हती म्हणून त्यांनी नुसती मान डोलावली.

उन्हं कलताना अकरावा बाण झाला. सून आणि ठकी समोरच्या बाकावर बसल्या होत्या, म्हातारीच्याच बाकावर. ठकी नव्या बाणाकडे एकटक बघत होती. चेहरा गंभीर. काल तिच्या शास्त्राचा पायाच हलला होता, आणि तिने त्यावर रात्रभर झोपून विचार केला असावा.

"आई, आता हा बरोबर आहे?"

"हो गं राणी. आता बरोबर."

"आणि आधी चूक होता."

"होता थोडासा."

वर बाबांचा ब्रश थांबला.

"मग आधी जी माणसं त्या बाणाने गेली," ठकीने विचारलं, "ती सगळी पोचली का?"